इजिप्तचे न उतरणारे वेड

शाळकरी मुलाला कागद-पेन्सिल द्या आणि एखाद्या प्राचीन संस्कृतीचे चित्र काढायला सांगा. तो बहुधा एक मोठा त्रिकोण काढील, शेजारी उंट उभा करील आणि वर तळपता सूर्य. (पिरॅमिड बांधले गेले तेव्हा इजिप्तमध्ये उंट वापरात नव्हते, पण ते असो.) सुमेरचा झिगुरात त्याला सुचणार नाही, आणि मोहेंजोदडोचे महास्नानगृह आपल्याच उपखंडातले असूनही सुचणार नाही. लिपी मेसोपोटेमियात इजिप्तच्या बरोबरीने, कदाचित किंचित आधीच आली. हम्मुराबीची कायदेसंहिता बाबिलोनची, आखीव शहरे सिंधूकाठची. तरी खेळणी, कॉमिक, सिनेमे, व्हिडिओ गेम या साऱ्यांत पहिला मान फॅरोंचा.

असे का, म्हणून विचारले की ठरलेली उत्तरे मिळतात: आकार, सोने, मरण आणि गूढ. पहिल्या तिन्हींत कमीअधिक तथ्य आहे. चौथे उत्तर सर्वांत लोकप्रिय आहे आणि माझ्या मते सर्वांत पोकळही. इजिप्तविषयीचे कुतूहल इतिहासात जेव्हा जेव्हा उसळले, तेव्हा त्याच्या आधी काहीतरी उलगडले होते, वाचता आले होते किंवा मोजले गेले होते. ज्या शतकांत इजिप्त म्हणजे निव्वळ गूढ होते, त्या शतकांत जगाने त्याचे काय केले हे पाहिले की गूढाची खरी किंमत कळते.

इजिप्तचे पहिले वेडे मात्र इजिप्शियनच. सक्काराला जोसेर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड आहे, साधारण इ. स. पू. 2650 चा. तो बांधल्यानंतर हजार-तेराशे वर्षांनी, म्हणजे इजिप्तच्या इतिहासातल्या ‘नव्या राज्या’च्या काळात, थीब्ज-मेम्फिसकडचे लेखनिक तिथे फिरायला येत आणि भिंतींवर शाईने आपली नावे, ‘आम्ही आलो, पाहिले, छान वाटले’ अशा अर्थाचे मजकूर लिहून ठेवत. त्यांतल्या एका लेखनिकाने तर आधीच्या पाहुण्यांच्या गचाळ लिखाणावर तिथेच भिंतीवर नाराजी नोंदवली आहे. दुसऱ्या रामसेसचा मुलगा खाएमवासेत जुन्या राजांची पडझड झालेली स्मारके डागडुजी करून त्यांवर मूळ मालकाचे नाव पुन्हा कोरून घेत असे. त्याच्या दृष्टीने खुफूचा पिरॅमिड तेव्हाच तेराशे वर्षांचा पुराणा होता. काळाचा हा पल्ला आपल्या डोक्यात नीट बसत नाही. क्लिओपात्रा इ. स. पू. 30 मध्ये मेली. ती खुफूच्या पिरॅमिडपेक्षा आपल्याला काळाने अधिक जवळ आहे.

मग ग्रीक आले. इ. स. पू. पाचव्या शतकात हेरोडोटसने इजिप्त पाहिला आणि आपल्या इतिहासाचे एक आख्खे प्रकरण त्याला दिले. ममी बनवण्याच्या तीन प्रती, उंची, मध्यम आणि गरिबांना परवडणारी, त्याने एखाद्या दरपत्रकासारख्या सांगितल्या आहेत. मोठ्या पिरॅमिडवर कोरलेला मजकूर त्याच्या दुभाष्याने त्याला वाचून दाखवला: मजुरांना मुळे, कांदे आणि लसूण पुरवण्यासाठी 1,600 टॅलेंट चांदी खर्च झाली म्हणे. हेरोडोटसला ती लिपी येत नव्हती, आणि त्या दुभाष्याला कितपत येत होती देव जाणे. पर्यटकाला हवे ते ऐकवणारा गाईड निदान अडीच हजार वर्षे जुना आहे, एवढे मात्र यावरून म्हणता येते. एक लाख माणसे वीस वर्षे राबली हा हेरोडोटसचाच आकडा; तो आजही सहलींच्या बसमध्ये माइकवरून सांगितला जातो.

रोमनांनी तर इजिप्त उचलूनच नेला. एकट्या रोममध्ये आज आठ अस्सल इजिप्शियन ओबेलिस्क उभे आहेत. गायस सेस्टियस नावाच्या एका बड्या असामीने इ. स. पू. पहिल्या शतकाच्या अखेरीस स्वतःसाठी पिरॅमिडच्या आकाराची कबर बांधून घेतली; तीही तिथे शाबूत आहे. इसिस देवीची देवळे पॉम्पेईपर्यंत पोचली. श्रीमंत रोमन नाईलची सफर करीत, आणि थीब्जजवळचा मेम्नॉनचा पुतळा पहाटे आवाज करतो म्हणून तो ऐकायला जात. त्याच्या पायांवर ग्रीक आणि लॅटिनमधले शंभरावर लेख कोरलेले आहेत. सन 130 मध्ये सम्राट हेड्रियनही तिथे हजेरी लावून गेला.

फिले बेटावर सन 394 मध्ये चित्रलिपीतला अखेरचा ज्ञात लेख कोरला गेला. त्यानंतर ती लिपी वाचणारा कुणी उरला नाही, आणि पुढची चौदाशे वर्षे इजिप्त खऱ्या अर्थाने गूढ झाला. या काळात अरब विद्वानांनी निदान डोळे उघडे ठेवून पाहिले. सन 1200 च्या सुमारास इजिप्तमध्ये राहिलेल्या अब्दुल लतीफ अल-बगदादी या वैद्याने स्फिंक्सच्या चेहऱ्याच्या प्रमाणबद्धतेचे मनापासून कौतुक केले. सलाउद्दीनच्या मुलाने गीझाचा धाकटा पिरॅमिड पाडायला माणसे लावली आणि आठ महिन्यांनी हात टेकले, हेही त्याने नोंदवले. ती खोक त्या पिरॅमिडच्या उत्तर अंगावर आजही दिसते.

युरोपने काय केले? ममी खाल्ल्या. शब्दशः. प्रेतांची पूड करून ती जखम, मुका मार, अपस्मार यांवरचे औषध म्हणून औषधविक्यांच्या बरण्यांत शतकानुशतके विकली गेली. आंब्रुआझ पारे या फ्रेंच शल्यवैद्याने 1582 मध्ये या उपचाराविरुद्ध लिहिले, तरी धंदा चालूच राहिला. उरलेली पूड चित्रकारांच्या कामी आली: ‘ममी ब्राऊन’ नावाचा तपकिरी रंग एकोणिसाव्या शतकातही नळीत मिळत असे. एडवर्ड बर्न-जोन्स या इंग्रज चित्रकाराला 1881 मध्ये कळले की हा रंग खरोखरच माणसांचा आहे. तेव्हा त्याने आपल्याजवळची नळी अंगणात नेऊन रीतसर पुरली. त्या अंत्यविधीला हजर असलेल्यांत त्याच्या बायकोचा भाचा होता, मुंबईत जन्मलेला रुडयार्ड किपलिंग. गूढाच्या जोरावर इजिप्तला मिळालेले प्रेम हे असे, पूड करून पचवणारे.

चित्र पालटले ते नेपोलियनपासून. 1798 मध्ये त्याने इजिप्तवर स्वारी केली तेव्हा सैन्याबरोबर दीडशेहून अधिक शास्त्रज्ञ, अभियंते, चित्रकार नेले. स्वारी फसली, पण त्यांनी मोजून-रेखाटून आणलेल्या इजिप्तचे महाग्रंथ 1809 पासून वीस वर्षे छापले जात राहिले आणि युरोपच्या दिवाणखान्यांत स्फिंक्सच्या पायांच्या खुर्च्या आल्या. 1799 मध्ये रोझेटाचा शिलालेख सापडला. फ्रेंचांचा पाडाव झाल्यावर तो इंग्रजांनी मागून घेतला आणि 1802 पासून तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

फ्रेंचांविरुद्धच्या इंग्रजांच्या मोहिमेत आपलीही माणसे होती. 1801 मध्ये जनरल बेअर्डच्या हाताखाली हिंदुस्थानातून जी फौज गेली, तिच्यात मुंबई इलाख्याचे शिपाई होते. तांबड्या समुद्रावरच्या कुसेर बंदरात उतरून, वाळवंट पायी तुडवत ते नाईलकाठच्या केनाला पोचले. समोरच्या तीरावर डेंडेराचे हाथोर देवीचे देऊळ. गाईच्या रूपातली ती देवी पाहून शिपायांनी हात जोडले, अशी हकीकत सांगितली जाते. इंग्रजांना तिचे फार नवल वाटले. गोठ्यातल्या गाईला रोज नमस्कार करणाऱ्या माणसाला त्यात नवल वाटण्याजोगे काय असणार? युरोप ज्याच्याकडे विचित्र म्हणून पाहत होता, ते त्या शिपायांना ओळखीचे वाटले असेल तर इजिप्तकडे पाहण्याची एक वेगळी नजर तेव्हा तिथे हजर होती. ती कुणी लिहून ठेवली नाही.

1822 च्या सप्टेंबरात शांपोलियाँ या फ्रेंच अभ्यासकाने चित्रलिपीचे कोडे सोडवल्याचे जाहीर केले. गूढ हेच भुरळीचे मूळ असते तर इथे ती ओसरायला हवी होती. घडले नेमके उलटे. सर्कशीत ताकदीचे प्रयोग करणारा बेल्झोनी हा इटालियन माणूस त्याच सुमारास थडगी खणत सुटला होता. त्याने 1821 मध्ये लंडनच्या पिकॅडिलीतल्या ‘इजिप्शियन हॉल’मध्ये सेती राजाच्या थडग्याची प्रतिकृती मांडली आणि गर्दी लोटली. 1830 च्या दशकात टॉमस पेटिग्रू हा सर्जन तिकीट लावून लोकांसमोर ममीच्या पट्ट्या सोडवत असे. हॅमिल्टनच्या ड्यूकला ते इतके भावले की 1852 मध्ये वारल्यावर त्याने पेटिग्रूकडून स्वतःचीच ममी करवून घेतली. दुसरे टोक म्हणजे 1890 ची गोष्ट: भाविकांनी देवीला वाहिलेल्या मांजरांच्या सुमारे 1,80,000 ममी, वजनाने 19 टन, जहाजाने लिव्हरपूलला आल्या आणि खत म्हणून लिलावात गेल्या. आदर आणि अनादर असा एकाच बाजारात विकला जात होता.

लिपी वाचता येऊ लागली तरी पिरॅमिडवरच्या भाकडकथा थांबल्या नाहीत. उलट त्यांना विज्ञानाचा पोशाख मिळाला. स्कॉटलंडचा राजखगोलशास्त्रज्ञ चार्ल्स पिआझी स्मिथ याने 1864 मध्ये पुस्तक लिहून सांगितले की मोठा पिरॅमिड ईश्वरी प्रेरणेने बांधला असून त्याच्या मापांत वर्षाचे दिवस आणि जगाचे भविष्य दडले आहे. फ्लिंडर्स पेट्री नावाच्या तरुणाच्या वडिलांना हा सिद्धांत फार पटला होता. तो ताडून पाहायला पेट्री 1880 मध्ये गीझाला गेला, एका रिकाम्या थडग्यात बिऱ्हाड थाटले आणि दोन हिवाळे काटेकोर मोजमाप केले. पर्यटकांनी येऊन त्रास देऊ नये म्हणून तो गुलाबी अंतर्वस्त्रांत काम करी असे सांगतात. त्याच्या मापांत स्मिथचा सिद्धांत साफ कोसळला. पुढे त्याने एक आठवण लिहून ठेवली: त्या सिद्धांताचा एक भक्त पिरॅमिडच्या आत दगडाचा उंचवटा कानशीने घासताना त्याला सापडला, कारण माप जुळत नव्हते! मला विचाराल तर पिरॅमिडविषयीच्या साऱ्या छद्मविज्ञानाचा इतिहास त्या एका कानशीत आहे.

ती कानस अजून चालू आहे. 1959 मध्ये चेकोस्लोव्हाकियात एका गृहस्थाने दाढीचे पाते पिरॅमिडखाली ठेवल्यास धारदार राहते म्हणून पेटंट मिळवले. 1968 मध्ये एरिक फॉन डेनिकेनने परग्रहावरच्या पाहुण्यांची पुडी सोडली. मराठीतही त्या कल्पनांवरची पुस्तके हातोहात गेली. आणि आपल्या शहरांत वास्तुदोष काढायला तांब्याचे किंवा प्लॅस्टिकचे पिरॅमिड मिळतात, नऊ-नऊच्या संचात. ज्या वास्तूत एका मेलेल्या राजाला ठेवले, तिची प्रतिकृती शयनगृहाच्या कोपऱ्यात सुखसमृद्धीसाठी ठेवायची, या कल्पनेतला विनोद विकणाऱ्याला दिसत नाही आणि घेणाऱ्यालाही. परग्रहवासीयांच्या गोष्टीत एक आणखी खोट आहे. हे इजिप्तच्या लोकांनी केलेच नसणार, हे तिचे गृहीतक. गॉथिक कॅथेड्रल कुणी बांधली, असा प्रश्न डेनिकेनच्या वाचकांना सहसा पडत नाही.

आता तुतानखामुन. त्याला टाळून या विषयावर कुणी लिहू शकत नाही, आणि टाळूही नये, कारण आजच्या वेडाची सगळी यंत्रणा तिथे घडली. 4 नोव्हेंबर 1922 ला राजांच्या खोऱ्यात हॉवर्ड कार्टरच्या मजुरांना पहिली पायरी लागली. 26 तारखेला बंद दाराला पाडलेल्या भोकातून मेणबत्ती आत गेली. आत जे होते त्याची नोंद आणि सफाई करायला दहा वर्षे लागली. वस्तूंची संख्या 5,398 भरली. मुखवटा दहा किलोंवर, सर्वांत आतली शवपेटी 110 किलो सोन्याची. आणि हे सारे अठरा-एकोणीस वर्षांच्या, इतिहासात जवळजवळ बेदखल असलेल्या एका पोराचे. मोठ्या राजांच्या थडग्यांत किती असेल, हा विचार वाचकाच्या मनात आपोआप येतो. सोन्याची भुरळ ती हीच.

थडगे उघडणाऱ्यांना भोवला म्हणतात तो शाप मात्र थडग्यातून निघाला नाही, तो निघाला एका करारातून. खोदकामाचा खर्च उचलणाऱ्या लॉर्ड कार्नार्वनने जानेवारी 1923 मध्ये बातमीचे सर्व हक्क लंडनच्या ‘टाइम्स’ला विकले: 5,000 पौंड रोख आणि पुढच्या नफ्यातले 75 टक्के. बाकीच्या वर्तमानपत्रांचे बातमीदार थडग्याबाहेरच्या भिंतीवर उन्हात बसून राहिले. खुद्द इजिप्तच्या पत्रकारांना आपल्या राजाची बातमी लंडनमार्गे घ्यायची पाळी आली. अशात 5 एप्रिल 1923 ला कार्नार्वन कैरोत वारला. डास चावलेल्या जागी दाढी करताना कापले, जखम चिघळली, रक्तदोष आणि न्यूमोनिया झाला. बातमीला मुकलेल्या पत्रांना याहून चांगले घबाड कुठले? थडग्याच्या दारावर शापाचा कोणताही लेख नव्हता, तरी तो छापून आला. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉयल यांनीही अदृश्य शक्तींच्या शक्यतेला पाठिंबा दिला. होम्सने दिला नसता.

2002 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मार्क नेल्सन यांनी हिशेबच मांडला. कार्टरने नोंदवलेल्या 44 पाश्चात्त्यांपैकी 25 जण थडगे, शवपेट्या किंवा ममी उघडताना हजर होते. ते सरासरी 70 वर्षे जगले, आणि हजर नसलेल्यांशी तुलना करता संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकेल असा फरक निघाला नाही. कार्नार्वनची मुलगी एव्हलिन अगदी पहिल्यांदा आत गेलेल्यांपैकी. ती 1980 पर्यंत जगली. स्वतः कार्टर 64 व्या वर्षी गेला, तोही थडगे सापडल्यावर सोळा वर्षांहून अधिक काळाने. शापाच्या कथेवर याचा काही परिणाम झाला का? नाही. 1932 च्या बोरिस कार्लोफच्या ‘द ममी’पासून 1999 च्या ‘द ममी’पर्यंत तिने निर्मात्यांना रग्गड पैसा मिळवून दिला. पहिल्या चित्रपटाची पटकथा लिहिणारा जॉन बाल्डरस्टन हा तुतानखामुनच्या थडग्याच्या बातम्या देणारा पत्रकारच होता, म्हणजे भिंतीवर ताटकळलेल्या जमातीने असे उट्टे काढले.

या कथेत एक भाग सहसा सांगितला जात नाही, आणि मला तोच सर्वांत बोलका वाटतो. 1922 च्या फेब्रुवारीत इजिप्तला नावापुरते का होईना स्वातंत्र्य मिळाले होते. जानेवारी 1924 मध्ये साद झगलूल यांचे राष्ट्रवादी सरकार निवडून आले. 12 फेब्रुवारीला कार्टरने दगडी शवपेटीचे टनाहून जड झाकण दोरखंडांनी उचलले. दुसऱ्या दिवशी संशोधकांच्या बायकांना थडगे दाखवायचा बेत होता. त्याला मंत्रालयाने परवानगी नाकारली. कार्टरने चिडून काम बंद केले, थडग्याला कुलूप ठोकले आणि किल्ल्या घेऊन निघून गेला. झाकण तसेच हवेत लोंबकळत होते! सरकारने परवाना रद्द करून कुलपे तोडली. वर्षभराने तोडगा निघाला, कार्टर परतला, पण थडग्यातली कोणतीही वस्तू कार्नार्वन कुटुंबाला मिळाली नाही. तुतानखामुनचा खजिना आज एकसंध कैरोच्या परिसरात आहे तो या भांडणामुळे. त्याआधी, 1912 मध्ये अमार्नाला सापडलेला नेफर्टितीचा अर्धपुतळा वाटणीत जर्मनीला गेला तो गेलाच. बर्लिनमध्ये तो 1924 पासून लोकांना दिसतो आहे आणि इजिप्त तेव्हापासून तो मागतो आहे.

इजिप्तच्या आजच्या लोकांना हे फॅरो आपले वाटतात का, हा प्रश्न बाहेरचे लोक उगाच सारखा विचारतात. उत्तर त्यांच्या कलेत आहे. महमूद मुख्तारने 1928 मध्ये कैरोत उभारलेल्या ‘इजिप्तची जागृती’ या शिल्पात स्फिंक्स पुढच्या पायांवर उठतो आहे आणि शेजारी एक शेतकरीण बुरखा दूर सारते आहे. नोबेल मिळवणाऱ्या नजीब महफूझ यांच्या पहिल्या तिन्ही कादंबऱ्या फॅरोंच्या काळातल्या. शादी अब्देल सलाम यांचा 1969 चा ‘अल-मुमिया’ हा चित्रपट तर हॉलिवूडच्या सगळ्या ममीपटांना पुरून उरेल. त्यात ममी उठून कुणाचा गळा दाबत नाही. कुर्ना गावातल्या एका घराण्याला डोंगराच्या कपारीत राजांच्या ममींचा साठा सापडतो, ते एकेक दागिना विकून पोट भरतात, आणि वारसा सांगायची वेळ आल्यावर घरातला मुलगा कोड्यात पडतो. हा प्रसंग खरा. 1881 मध्ये सरकारने तो साठा ताब्यात घेतला तेव्हा त्यात दुसरा रामसेस, सेती, तिसरा थुतमोस असे रथीमहारथी निघाले. बोटीने ते कैरोकडे नेले जात असताना नाईलच्या दोन्ही काठांवर बायका केस मोकळे सोडून आक्रोश करीत धावल्या, असे वर्णन आहे. घरातले माणूस गेल्यावर करतात तसा.

त्या कुर्नाची किंमतही सांगायला हवी. थडग्यांच्या डोंगरावरच हे गाव वसलेले. गावकऱ्यांना हलवण्यासाठी 1940 च्या दशकात हसन फाथी या वास्तुशिल्पकाराने मातीच्या विटांचे सुंदर नवे गाव बांधले. लोकांनी जायचे नाकारले. अखेर या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने बुलडोझर आणून जुनी घरे पाडली. पर्यटकाला मोकळा डोंगर दिसावा म्हणून. एप्रिल 2021 मध्ये 22 राजा-राण्यांच्या ममी रोषणाई केलेल्या गाड्यांतून, तोफांच्या सलामीत कैरोच्या रस्त्यांवरून नव्या संग्रहालयात गेल्या. नोव्हेंबर 2025 मध्ये गीझाच्या पिरॅमिडांजवळ भव्य इजिप्शियन संग्रहालयाचे औपचारिक उद्घाटन झाले आणि तुतानखामुनचा सगळा ऐवज प्रथमच एका ठिकाणी मांडला गेला. अभिमान, पर्यटनाचा महसूल आणि सत्तेचा थाट यांतले काय किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. आपल्याकडचे भव्य पुतळे पाहिलेल्या वाचकाला ते समजावून सांगायला नको.

भारताचा आणि या वेडाचा धागा सुट्या टाक्यांनी जोडलेला आहे. दुसऱ्या रामसेसच्या नाकपुड्यांत मिरे सापडले आहेत, आणि काळी मिरी मूळची मलबारची, इ. स. पू. तेराव्या शतकात ती तिथवर कशी पोचली यावर अभ्यासकांचे तर्क चालू आहेत. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात 2022 मध्ये बुद्धमूर्ती मिळाली. आस्वान धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या नुबियासाठी 1960 मध्ये युनेस्कोने हाक दिली तेव्हा बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली भारतीय पुरातत्त्व खात्याचे पथक आफिये येथे उत्खननाला गेले होते. आणि एकोणिसाव्या शतकातल्या संस्थानिकांनाही ममीचा मोह पडलाच: सयाजीराव गायकवाडांनी घेतलेली ममी बडोद्याच्या संग्रहालयात आहे. जयपूरच्या अल्बर्ट हॉलमधल्या तुतू नावाच्या स्त्रीची ममी ऑगस्ट 2020 च्या मुसळधार पावसात पाणी शिरल्यावर कर्मचाऱ्यांनी काच फोडून वाचवली. मीना प्रभू यांचे ‘इजिप्तायन’ हे प्रवासवर्णन मराठी घरांत पोचले ते वेगळेच. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात डिसेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या प्रदर्शनात इजिप्त, अ‍ॅसिरिया, ग्रीस, रोम यांची शिल्पे भारतीय शिल्पांशेजारी मांडली होती. अशा मांडणीत इजिप्तचे तेज कमी होत नाही, फक्त तो एकटा चमत्कार राहत नाही.

मग सुरुवातीच्या उत्तरांतले उरले मरण. इजिप्शियन लोक मरणाने झपाटलेले होते, ही समजूत मुळात हवामानाची करामत आहे. त्यांची घरे, बाजार, राजवाडेसुद्धा कच्च्या विटांचे होते आणि पुराच्या काठी, ओल्या मातीत होते. ते विरघळले, त्यांवर पुन्हा गावे वसली, शेते नांगरली गेली. थडगी दगडाची आणि कोरड्या वाळवंटाच्या कडेला, ती टिकली. हजार वर्षांनी मुंबई बुडाली आणि फक्त स्मशाने उरली तर आपल्याबद्दलही लोक तेच म्हणतील. वास्तविक थडग्यांच्या भिंतींवर काय रंगवले आहे? नांगरणी, कापणी, मासेमारी, पाव भाजणे, बियर गाळणे, मेजवानीत गाणाऱ्या मुली. ज्यांना मरण आवडते ते असली चित्रे काढत नाहीत.

आणि गूढ? 2013 मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ येथे पिएर ताले यांच्या पथकाला लिहिलेले पपायरस सापडले, आजवर ज्ञात असलेल्यांतले सर्वांत जुने. त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे, खुफूच्या कारकिर्दीच्या अखेरची. चाळीसेक माणसांची त्याची टोळी तुऱ्हाच्या खाणीतला पांढरा चुनखडक होडीत भरते, कालव्यांतून गीझाला पोचवते, रिकामी होडी घेऊन परतते. दहा दिवसांत दोन-तीन खेपा. रात्री मुक्काम कुठे केला, याची नोंद. देखरेखीवर राजाचा सावत्र भाऊ आंखहाफ. पिरॅमिड कुणी बांधला या प्रश्नाचे हे उत्तर: हजेरीपत्रक ठेवणाऱ्या माणसांनी. गीझाला मजुरांची वस्ती, भट्ट्या, गुराढोरांची हाडे आणि सन्मानाने पुरलेल्या कामगारांची थडगीही सापडली आहेत. हेरोडोटसच्या एक लाखाच्या जागी अभ्यासक आता वीस-पंचवीस हजारांचा अंदाज करतात.

याहून जिव्हाळ्याचे दैर अल-मदिना. राजांच्या खोऱ्यातली थडगी खोदणारे, रंगवणारे कारागीर या गावात राहत. त्यांचे कागद म्हणजे चुनखडकाच्या चिपा. हजारोंनी सापडल्या आहेत. ब्रिटिश म्युझियममधल्या एका चिपेवर दुसऱ्या रामसेसच्या चाळिसाव्या वर्षाचा गैरहजेरीचा तक्ता आहे, चाळीस माणसांच्या 280 दिवसांचा. काळ्या शाईत तारीख, वर तांबड्या शाईत कारण. एकाला विंचू चावला. एकाचे डोळे आले. एक जण आईच्या प्रेताच्या तयारीत. आणि बियर गाळायची होती म्हणून बरेच जण घरी राहिले, तेही अधिकृत कारण म्हणून मान्य. तिसऱ्या रामसेसच्या 29 व्या वर्षी धान्याचे शिधे थकले तेव्हा याच कारागिरांनी हत्यारे खाली ठेवली आणि देवळामागे जाऊन बसले. त्याची हकीकत तूरिनच्या संग्रहालयातल्या पपायरसवर आहे. इतिहासातला हा नोंदलेला पहिला संप.

तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने कामावर न येण्यासाठी दिलेली सबब आपल्याला वाचता येते. जगात इतरत्र, इतक्या जुन्या काळी, इतक्या साध्या माणसांबद्दल एवढे कळण्याची सोय फार थोड्या ठिकाणी आहे. बाबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर ती आहे, पण त्यांच्यासोबत रंगीत चित्रे नाहीत, माणसांचे चेहरे नाहीत. आणि सिंधूची लिपी तर आपल्याला अजून वाचताच येत नाही. इजिप्तमध्ये लेख, चित्र, वस्तू आणि खुद्द माणूस असे चारही एकत्र टिकले. वेड इतकी वर्षे टिकले त्याचे हे कारण मला परग्रहवासी आणि शाप या दोहोंपेक्षा पुष्कळ भक्कम वाटते.

आपल्याकडून इजिप्तला जाणाऱ्या बहुतेक सहलींत लक्झरचा पश्चिम तीर एका सकाळीत उरकतात: राजांचे खोरे, हात्शेप्सुतचे देऊळ, मेम्नॉनच्या पुतळ्यांपाशी पाच मिनिटे फोटो, वाटेत अ‍ॅलबॅस्टरचे दुकान. दैर अल-मदिना त्याच वाटेवर आहे. तिथे गुडघाभर उंचीच्या भिंतींतून कारागिरांच्या घरांची आखणी दिसते आणि सेन्नेजेम नावाच्या कारागिराने स्वतःसाठी रंगवलेले छोटे थडगे पाहता येते; बायकोबरोबर पीक कापतानाचे चित्र त्यात आहे. सहलीचे पैसे भरण्याआधी कार्यक्रमपत्रिकेत हे नाव आहे का, ते पाहा. नसेल तर दुकान वगळून ते घालायला सांगा.